काळीचा कागद आणि पांढरीचा कागद

वऱ्हाडांतील गांवाच्या जमिनीला दोन रंगांचीं नांवें आहेत. पिकाची जमीन ती काळी, वस्तीची जमीन ती पांढरी. बुलढाणा जिल्ह्याच्या खामगांव तालुक्यांत पिंपळगांव राजा हें जुनें गांव आहे. तेथील एखाद्या शेतकऱ्यास त्याच्या काळीचा पुरावा विचारला तर तो सातबाराचा उतारा पुढें ठेवील. गट नंबर, क्षेत्र, आकार, पीक, सोसायटीचा बोजा, सारें त्यावर लिहिलेलें असतें. पण ज्या घरांत त्याचे आजोबा जन्मले आणि ज्या घरांत त्याचीं नातवंडें खेळत आहेत, त्या घराचा पुरावा विचारला तर पुष्कळदां घरपट्टीच्या पावत्यांचें पुडकें बाहेर निघतें. पावती खरी असते, तिच्यावरील शिक्काहि खरा असतो. परंतु ती कर भरल्याची पावती असते, मालकीची नसते. गांवांतील घर विकत घेणाऱ्याची, विकणाऱ्याची आणि नुसतें सांभाळणाऱ्याची बहुतेक अडचण या एका गोष्टींतून उगवते.

हा फरक कोणाच्या आळसामुळें पडलेला नाहीं. १८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला आणि पुढें त्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई इलाख्याच्या पद्धतीनें येथील शेतांची मोजणी झाली. मोजणीचा हेतु सारा ठरविणें हा होता. ज्या जमिनीवर सारा बसावयाचा तिचे नकाशे निघाले, तिच्या हद्दीवर दगड रोवले गेले. ज्या जमिनीवर लोक राहत होते ती मात्र ‘गांवठाण’ या एका शब्दाखालीं झांकून टाकण्यांत आली. आंतलें कोणतें घर कोणाचें, कोणाचें अंगण कोठें संपतें, हें पाटलाला, शेजाऱ्याला आणि घरांतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असे व तेवढें पुरत असे. पुढें १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला, १९२८ सालीं वऱ्हाडचा स्वतंत्र जमीन महसूल कायदा झाला, १९५६ सालीं बुलढाणा जिल्हा मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्राचा जमीन महसूल कायदा लागू झाला. प्रत्येक अमदानींत काळीचे कागद नवे होत गेले. पांढरी बहुतेक गांवीं होती तशीच राहिली.

ती स्थिति आतां पालटत आहे. २४ एप्रिल २०२० रोजीं केंद्र सरकारनें ‘स्वामित्व’ नांवाची योजना जाहीर केली. महाराष्ट्रांत हें काम त्याच्या आधींच हातीं घेण्यांत आलें होतें; पुणें जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यांतील सोनोरी गांवीं त्याचा पहिला प्रयोग झाला. घरांच्या व मोकळ्या जागांच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा ओढावयाच्या, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ड्रोन विमानानें वरून छायाचित्रें घ्यावयाचीं, त्यांवरून नकाशा तयार करावयाचा, भूमि अभिलेख खात्यानें गांवांत येऊन चौकशी करावयाची आणि मग प्रत्येक घराची मिळकतपत्रिका काढावयाची, असा तो क्रम आहे. लोक तिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. अशा पत्रिकेवर भूमापन क्रमांक, क्षेत्र, धारणाधिकार, सुविधाधिकार, हक्काचा मूळ धारक, इतर भार आणि फेरफार असे रकाने असतात. सातबारा जसा काळीचा, तशी ही पत्रिका पांढरीची.

येथें एक सावधगिरी हवी. आकाशांतून छप्पर दिसतें. छपराखालीं कोणाचे किती हिस्से आहेत तें दिसत नाहीं. चौकशीच्या वेळीं नांवें घेतांना ग्रामपंचायतीच्या वहीचा आधार घेतला जातो, आणि त्या वहींत पुष्कळदां वारलेल्या आजोबांचें किंवा नेहमीं कर भरणाऱ्या थोरल्या भावाचेंच नांव चालत आलेलें असतें. जुनी चूक मग नव्या कागदावर, नव्या शिक्क्यासह उतरते. म्हणून ज्या गांवीं चौकशी चालू असेल तेथील घरमालकानें, तो कामाला मुंबई-पुण्यास असला तरी, त्या दिवशीं गांवीं हजर राहणें हें एका एस.टी.च्या तिकिटापेक्षां फार मोठ्या मोलाचें आहे. पत्रिका निघाल्यावर चूक दिसून आली तर तालुक्याच्या भूमि अभिलेख उपअधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा लागतो आणि मग कामाला महिने लागतात.

ग्रामपंचायतीच्या कर-आकारणीच्या नोंदवहीला नमुना आठ म्हणतात. घर कोणाच्या ताब्यांत आहे, किती लांब-रुंद आहे, मातीचें आहे कीं विटांचें, त्यावर कर किती, हें या वहींत असतें. घराच्या व्यवहारांत पुष्कळ ठिकाणीं या उताऱ्यालाच घराचा सातबारा समजतात. न्यायालयांनीं मात्र पुन्हां पुन्हां सांगितलें आहे कीं महसुली किंवा कराच्या नोंदीनें मालकी उत्पन्न होत नाहीं व नाहींशीहि होत नाहीं. सरकारी जागेवर वाढविलेल्या घरालाहि कर लागतो, आणि शेऱ्याच्या रकान्यांत ‘अतिक्रमण’ हा एक शब्द लिहिलेला असूं शकतो. घेणाऱ्यानें उताऱ्यावरील नांवाआधीं तो रकाना वाचावा. तरीहि नमुना आठ टाकाऊ नाहीं. तीस-चाळीस वर्षांच्या ओळीनें लागलेल्या नोंदी अखंड ताब्याचा चांगला आधार ठरतात. पण आधार तो आधार, पाया नव्हे.

पाया म्हणजे नोंदलेलें खरेदीखत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यानें शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या खतानेंच होते, आणि नुसत्या विक्रीच्या करारानें त्या स्थावरांत कोणताहि हक्क उत्पन्न होत नाहीं. त्या काळचे शंभर रुपये ही मोठी रक्कम होती. आज शंभर रुपयांत घराची चौकटहि येत नाहीं, तेव्हां प्रत्येक घर या नियमाखालीं येतें. असें असूनहि मुद्रांकाच्या कागदावर चार ओळी लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन आणि नोटरीचा गोल शिक्का मारून घेऊन गांवोगांव घरें विकलीं जातात. नोटरीच्या शिक्क्यानें सही कोणी केली एवढेंच ठरतें. विक्री होत नाहीं. मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीचीहि तीच गत आहे. ११ ऑक्टोबर २०११ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें मुखत्यारपत्र, करार व मृत्युपत्र यांच्या जोडीनें केलेल्या विक्रीला विक्री मानण्यास स्पष्ट नकार दिला.

अशा कच्च्या कागदावर घर घेतलेल्या मनुष्याला पहिलीं कित्येक वर्षें कांहींच त्रास होत नाहीं. तो राहतो, कर भरतो, पत्रे बदलून स्लॅब टाकतो. विकणारा वारला आणि त्याच्या मुलांना जागेचा भाव कळला म्हणजे कागदाचा कच्चेपणा उघडा पडतो. ज्याच्याजवळ असा कागद असेल आणि लिहून देणारा अद्याप हयात असेल, त्यानें त्याच्याकडून रीतसर खरेदीखत करून घेण्यास उशीर करूं नये. लिहून दिल्याच्या दिवसापासून चार महिन्यांच्या आंत खत नोंदणीस सादर करावें लागतें. त्यानंतर आणखी चार महिने, कारण दाखवून व दंड भरून, मुभा मिळूं शकते. त्यापुढें जुना कागद नोंदतां येत नाहीं, नवेंच खत करावें लागतें. आणि नवें खत करण्यास सही करणारा जिवंत व राजी असावा लागतो.

नोंदणीविषयीं दुसरा गैरसमज याच्या उलट टोंकाचा आहे. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत खत नोंदलें गेलें म्हणजे सरकारनें विकणाऱ्याची मालकी तपासली, असें पुष्कळांना वाटतें. १९०८ च्या नोंदणी कायद्यानें निबंधकावर तें काम मुख्यतः टाकलेलेंच नाहीं. सही करणारा हजर आहे कीं नाहीं, तो तोच मनुष्य आहे कीं नाहीं, मुद्रांक पुरेसा आहे कीं नाहीं, हें तो पाहतो. विकणारा खरा मालक आहे कीं नाहीं हें पाहणें घेणाऱ्याकडेच राहतें.

तें पाहावयाचें कसें? खामगांवच्या नोंदणी कचेरींत मिळकतीचा शोध घेतां येतो. वकील त्याला सर्च म्हणतात. नोंदलेल्या खतांचा गोषवारा सूची क्रमांक दोनमध्यें असतो आणि अलीकडच्या वर्षांचा बराचसा भाग संगणकावरहि पाहावयास मिळतो. शोध निदान तीस वर्षांचा असावा असें म्हणतात, त्याला कारण आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें गहाण ठेवलेलें स्थावर सोडवून घेण्याचा दावा तीस वर्षांपर्यंत लावतां येतो, म्हणून तेवढ्या काळांतील प्रत्येक गहाण डोळ्यांखालून जाणें जरूर. पण एक गहाण असें आहे कीं तें जुन्या सूचींत सांपडेलच असें नाहीं. मूळ खत बँकेंत ठेवून कर्ज घेतां येतें. तेंहि कायद्यानें गहाणच. तेव्हां विकणारा मूळ खताची झेरॉक्स प्रत दाखवूं लागला तर मूळ कोठें आहे हा प्रश्न भीड न धरतां विचारावा. हरवलें म्हणाला तर पोलिसांत दिलेली खबर आणि वर्तमानपत्रांतील जाहीर नोटीस पाहावी. जुन्या वऱ्हाडी घरांतील खतें मोडी लिपींत असतात. तीं वाचतां येत नाहींत म्हणून बाजूला टाकूं नयेत. घराच्या मागील परसू खरेदींत होतें कीं नव्हतें, याचें उत्तर बहुधा त्याच मोडी ओळींत असतें.

यानंतरचा प्रश्न सहीचा. वडिलोपार्जित घर एकट्या थोरल्या भावानें विकलें व इतरांनीं मागाहून दावा लावला, अशा कज्ज्यांनीं न्यायालयांचीं दप्तरें भरलेलीं आहेत. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदु एकत्र कुटुंबांतील मुलीला जन्मतः मुलासारखाच हिस्सा आहे. आणि त्या दिवशीं वडील हयात होते कीं नव्हते यानें फरक पडत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं ठरविलें आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या विक्री व वाटण्यांना मात्र या बदलाचा धक्का लागत नाहीं. मुसलमान कुटुंबांत वारसा त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणें ठरतो. तेथें बाप जिवंत असेपर्यंत मुलाला जन्मसिद्ध हिस्सा नसतो; पण बापाच्या मृत्यूनंतर मुलीचा हिस्सा, मुलाच्या निम्मा असला तरी, निश्चित असतो, आणि विधवेचाहि असतो. म्हणजे धर्म कोणताहि असो, सासरीं गेलेल्या बहिणीच्या सहीवांचून घेतलेलें घर अर्धवट घेतलेलें आहे असें समजावें.

बहिणी हिस्सा घेत नसतील तर त्यांचें हक्कसोडपत्र नोंदलेलें असावें लागतें. राखीच्या दिवशीं तोंडानें सोडलेला हक्क कायद्यांत सुटत नाहीं. बहिणीनें हिस्सा मागितला तर माहेर तुटतें, असें सांगणारीं माणसें गांवांत पुष्कळ असतात. त्यांच्या भरंवशावर घर घेणाऱ्याचा संसार मोडूं शकतो, हें तीं सांगत नाहींत. घेणाऱ्यानें शक्य तर बहिणींना स्वतः भेटावें. त्यांनीं राजीखुशीनें सही केली कीं धाकदपटशानें, हें अर्ध्या घटकेच्या बोलण्यांत कळतें. मालकांत अज्ञान मूल असेल आणि हिस्सा त्याच्या स्वतंत्र मालकीचा असेल, तर हिंदु कुटुंबांत आईबापांनाहि तो न्यायालयाच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं. मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आंत तें अशी विक्री रद्द करून मागूं शकतें.

कागद जुळले म्हणजे घराकडे जावें, आणि पावसांत जावें. खरेदीखतांत चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमुकाचें घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस सरकारी रस्ता, उत्तरेस तमुकाची भिंत. या चार ओळी पुष्कळदां जुन्या खतावरून जशाच्या तशा उतरून घेतात. अमुक मरून दोन पिढ्या झालेल्या असतात आणि बोळावर कोणाचा तरी गोठा उभा असतो. फीत धरून चारी बाजू शेजाऱ्यांच्या देखत मोजाव्या. भिंत सामाईक कीं एकट्याची हें तेव्हांच विचारावें. शेजाऱ्याच्या कड्या भिंतींत घुसलेल्या असतील तर ती पाडून नवी बांधतांना त्याच्या छपराचा प्रश्न उभा राहणार. कवेलूच्या घराची पागोळी कोणाच्या अंगणांत पडते? धाब्याच्या घराची पन्हळ कोणाच्या बाजूला आहे? न्हाणीचें पाणी कोणाच्या जागेंतून वाहून जातें? विहीर असेल तर तींत हिस्सा किती आणि पाणी भरण्याची वाट कोणती? हे प्रश्न क्षुद्र वाटतात. पण पांढरींतील वैरें बहुधा पन्हळीच्या पाण्यावरच वाढतात. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्याप्रमाणें वाट, पाणी, उजेड व वारा यांचा उपभोग हक्कानें, शांतपणें व खंड न पडतां वीस वर्षें घेतला गेला तर तो हक्क बनतो. नव्या मालकानें बोळ आपला समजून फाटक लावलें आणि शेजारीण तेथून वीस वर्षें घागर घेऊन जात असली, तर फाटक उघडावें लागतें. पुढचा ओटा रस्त्यावर आलेला असेल तर त्याची किंमत धरूं नये. तो विकणाऱ्याचा नव्हताच.

विकणाऱ्यावरहि कायद्यानें बोजा टाकला आहे. सहज पाहून न कळणारा दोष त्यानें सांगितला पाहिजे आणि विक्रीपर्यंतचे कर भरले पाहिजेत. उलट बाजूला एक नियम आहे तो फारच थोड्यांना ठाऊक असतो: विकणाऱ्याच्या हक्कांत त्याला स्वतःला माहीत नसलेला आणि किंमत बरीच वाढविणारा कांहीं भाग आहे हें घेणाऱ्याला ठाऊक असेल, तर त्यानें तें सांगितलें पाहिजे. मोडी खत वाचून मागचें परसू म्हातारीचेंच आहे असें ज्याला कळलें, त्यानें गप्प बसून नुसत्या घराच्या भावांत सारें उचलणें हा चतुरपणा नाहीं. कायदा त्याला कपट म्हणतो.

येथवर विक्री ही खरोखरीची विक्री आहे असें धरलें. परंतु वऱ्हाडांत एक विक्री अशीहि असते कीं ती विक्रीच नसते. पेरणीचे दिवस आले, दवाखान्याचा खर्च निघाला किंवा मुलीचें लग्न ठरलें. बँकेचें जुनें कर्ज थकलेलें असल्यामुळें तेथें दार बंद. मग सावकार पैसे देतो, पण गहाणखत लिहून घेत नाहीं. खरेदीखत लिहून घेतो आणि तें नोंदवितो. तोंडीं बोली अशी कीं पैसे आले म्हणजे घर परत फिरवून देऊं. घराची किंमत आठ लाख, खतांत लिहिलेली दोन लाख. मूळ मालक त्याच घरांत राहतो आणि दरमहा जें व्याज देतो त्याला भाडें म्हणतात. कपाशीचे दोन हंगाम बुडाले कीं भाडें थकतें, आणि मग सावकार खत काढून दाखवितो. कागदावर तो मालक, आणि ज्याच्या बापानें घर बांधलें तो थकबाकीदार भाडेकरी.

जुन्या काळीं विक्रीखतांतच परत फिरविण्याची अट लिहीत आणि न्यायालयें अशा खताला गहाण मानीत. १९२९ च्या दुरुस्तीनें कायद्यानें ठरविलें कीं परत देण्याची अट त्याच खतांत लिहिलेली असली तरच तें गहाण. दुरुस्तीचा उद्देश अनिश्चितता घालविणें हा होता. तिचा एक परिणाम असा झाला कीं हुशार सावकार अट वेगळ्या चिठ्ठीवर लिहूं लागला, किंवा मुळींच लिहीनासा झाला. कर्जदाराचा मार्ग त्यामुळें अवघड झाला, बंद झाला नाहीं. खत हें केवळ नांवाचें होतें, त्याप्रमाणें वागण्याचा उभय पक्षांचा हेतूच नव्हता, हें तोंडी पुराव्यानेंहि दाखवितां येतें, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालीं एका घराच्याच खटल्यांत सांगितलें. तेथेंहि कर्जापोटीं विक्रीखत लिहून देण्यांत आलें होतें. किंमत अतिशय कमी असणें, ताबा मूळ मालकाकडेच राहणें, करहि त्यानेंच भरणें, भाड्याचा आंकडा व्याजाशीं जुळणें, या खुणा अशा खटल्यांत बोलतात. म्हणून कर्जदारानें दिलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी, आणि रोख न देतां बँकेंतून द्यावें. सावकाराला नको असलेला तोच एक कागद पुढें कामास येतो.

२०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानें याहून जवळची वाट काढली आहे. गेल्या पंधरा वर्षांत सावकाराच्या ताब्यांत गेलेलें स्थावर हें खरोखर कर्जाच्या तारणापोटींच गेलें होतें असें चौकशींत दिसून आलें, तर सहकार खात्याचा जिल्हा निबंधक तें खत रद्दबातल ठरवूं शकतो आणि घर किंवा शेत मूळ मालकास परत देण्याचा हुकूम करूं शकतो. अर्ज साध्या कागदावर करतां येतो. मात्र तो करणाऱ्याच्या अंगीं धैर्य हवें, कारण सावकार बहुधा गांवांतील वजनदार मनुष्य असतो. त्या वजनाची कल्पना बुलढाणा जिल्ह्यांतीलच एका प्रकरणानें साऱ्या देशाला आली. खामगांव भागांतील एका सावकारी कुटुंबाविरुद्ध २००६ सालीं कर्जदार शेतकऱ्यानें तक्रार केली, आणि ती नोंदवून घेण्याच्या कामांत तत्कालीन मुख्यमंत्र्यांकडून हस्तक्षेप झाल्याचें पुढें आलें. सर्वोच्च न्यायालयानें १४ डिसेंबर २०१० रोजीं तो हस्तक्षेप बेकायदा ठरवून राज्य सरकारवर दहा लाख रुपयांचा भुर्दंड बसविला. सावकार दोषी कीं निर्दोष हा त्या निकालाचा विषय नव्हता. कर्जदाराची तक्रार ऐकून घेतली जावी एवढाच होता, आणि तेवढ्यासाठीं एका शेतकऱ्याला दिल्लीच्या न्यायालयापर्यंत जावें लागलें.

घर घेणाऱ्याला याच्याशीं काय कर्तव्य? पुष्कळ आहे. सावकार असें घर तिसऱ्याच मनुष्याला विकतो आणि तो बिचारा नोंदलेलें खत, स्वच्छ सूची पाहून पैसे मोजतो. घरांत राहणारें कुटुंब भाडेकरी आहे, महिन्याभरांत निघेल, असें त्याला सांगितलेलें असतें. कायदा म्हणतो कीं जो प्रत्यक्ष ताब्यांत आहे त्याच्या हक्काची जाणीव घेणाऱ्याला होती असेंच धरलें जाईल. मला कोणी सांगितलें नाहीं ही सबब चालणार नाहीं. म्हणून जें घर विकणारा एक आणि राहणारा दुसरा असेल, तेथें राहणाऱ्याच्या ओसरीवर बसून, बाबा रे, तुम्ही येथें कोणत्या नात्यानें राहतां, हें विचारल्यावांचून बयाणा देऊं नये. तारण देऊनच कर्ज काढणें भाग पडलें तर घरमालकानेंहि कागदाचें शीर्षक ‘गहाणखत’ असेंच असल्याचें स्वतः वाचून, नाहीं तर विश्वासाच्या मनुष्याकडून वाचवून घ्यावें. खरेदीखतावर कर्ज घेणें म्हणजे घर आज विकून उद्यां त्याची आशा करणें होय.

गांवठाण भरल्यामुळें आतां घरें काळींतहि होऊं लागलीं आहेत. गांवाला लागून असलेल्या शेतांत प्लॉट पाडून विकतात. तेथें पांढरीचे नव्हे, काळीचे कायदे लागतात. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग दोन’ असें असेल तर परवानगीवांचून विक्री होत नाहीं. ‘भूदान’ असा शेरा असेल तर ती विनोबांच्या चळवळींत मिळालेली जमीन. तिची विक्रीच होऊं शकत नाहीं. विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्यानें शेतजमीन बिगरशेतकऱ्यास विकण्यावर बंधन आहे, आणि १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याप्रमाणें ठराविक क्षेत्राहून लहान तुकडा विकण्यावरहि आहे. या शेवटच्या कायद्यांत व अकृषिक परवानगीच्या नियमांत अलीकडे बऱ्याच सवलती झाल्या आहेत, म्हणून दलालाच्या तोंडचा नियम न घेतां खरेदीच्या वेळचा नियम तहसील कचेरींतून लेखी घ्यावा.

किंमतीविषयीं थोडक्यांत. मुद्रांकशुल्क वांचविण्यासाठीं खतांत कमी आंकडा लिहिण्याची चाल आहे. ती व्यर्थ आहे, कारण लिहिलेली किंमत व सरकारी दरतक्त्याची किंमत यांपैकीं जी अधिक तिच्यावर शुल्क बसतें. शिवाय व्यवहार मोडला तर लिहिलेल्या आंकड्याहून अधिक पैसे दिले हें सिद्ध करणें दुरापास्त होतें. स्थावराच्या व्यवहारांत वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास २०१५ सालापासून आयकराच्या कायद्यानें मनाई केलेली आहे.

खत नोंदून झालें म्हणजे घेणारा पेढे वाटतो आणि पुष्कळदां तेथेंच थांबतो. मिळकतपत्रिका असेल तर भूमि अभिलेख कचेरींत, नसेल तर ग्रामपंचायतींत, आणि शेत असेल तर तलाठ्याकडे फेरफाराची नोंद लागली कीं नाहीं तें जाऊन पाहावें. महसुली फेरफारांत हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठीं पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मंडळ अधिकाऱ्यानें प्रमाणित केल्यावरच नोंद पक्की होते. विजेचें मीटर आणि नळाची जोडणीहि जुन्या मालकाच्या नांवानें ठेवूं नये. मूळ खत लोखंडी पेटींत, भिंतीपासून दूर ठेवावें. पांढरीच्या मातीच्या भिंतींत वाळवी फार. तरीहि तें कुरतडलें गेलें तर दुय्यम निबंधकाच्या कचेरींतून त्याची प्रमाणित नक्कल मिळते, मात्र त्यासाठीं दस्ताचा क्रमांक व वर्ष ठाऊक असावें लागतें. तेवढे दोन आंकडे घरांतील दुसऱ्या एखाद्या वहींत, आणि सासरीं असलेल्या लेकीच्या वहींतहि, लिहून ठेवावे.